एक हात वर बसलेलं कपाट

वहिनी, तुमच्या तेराव्याचं जेवण खाण्यालायक नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. वरणात पाणी होतं की पाण्यात वरण, याचा निकाल लावायला पंच बसवावे लागले असते. बुंदीला तेलाचा असा वास, की शेवटच्या पंगतीनं एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं घास टाकले. आणि तेवढं हादडून हात धुता धुता लोक तुमच्याबद्दल बोलत होते. म्हणे, गरीब गाय होती. कधी वर मान करून बोलली न्हाई. मला शिसारी आली. चौदा वर्षं दिवसातून वीस वेळा वर मान करून उभी राहिलेली बाई तुम्ही, त्या कपाटाखाली, टाचा उचलून.

पंगती उठल्यावर एका पाहुणीला राहवेना. वरच्या कपाटात तुमचं काय काय आहे ते बघू, म्हणाली. घरात त्या कपाटाला जमिनीवर उभं राहून हात लावू शकणारा प्राणी एकच, तो मी. सहा फूट उंच, वर जीपच्या टपाला घासून गेलेलं टक्कल. मी दारं उघडली आणि काढत गेलो. पाहुण्यांसाठीच्या सहा कपबशा, अजून रद्दीत गुंडाळलेल्या. त्या रद्दीत झुरळांनी तीन पिढ्यांचा संसार थाटलेला. पालीचं एक पिल्लू, वाळून पापड झालेलं. कुणाच्या तरी वास्तुशांतीतला स्टीलचा डबा, त्यावर कुणाचं तरी नाव. आणि सगळ्यावर चौदा वर्षांच्या फोडण्यांचा चिकट काळा थर, असा की बोट टेकलं तर सोडवायला दुसरा माणूस लागावा. तुमचं एकही भांडं तिथं नव्हतं. तुमची साखरेची बरणी, चहाचा डबा, हळद, मीठ, सगळं खाली फरशीवर, पिठाच्या डब्यामागं, मुंग्यांच्या हमरस्त्यात. मुंग्यांपासून वाचवायचं म्हणून तर तुम्ही कपाट मागितलं होतं.

मी तीनदा साबणानं हात धुतले. तेल गेलं. जे राहिलं ते तेल नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ते कशाचं, हे सांगायला बसलोय. तुम्ही असताना जमलं नाही. बाळापूर ते नांदेड काळी-पिवळी चालवणारा माणूस मी, नऊ सीटांच्या जीपमध्ये सत्तावीस माणसं, दोन शेळ्या आणि एक गोष्ट कोंबणारा. जगात मला बोलायला जमलं नाही अशी एवढी एकच गोष्ट.

आठवतं ना, भूकंपाला दीड-दोन वर्षं झाली होती. घरात नुकता गॅस आला होता, दादानं ओटा बांधून दिला होता. तुम्ही नांदेडला मावसबहिणीच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर टांगलेली कपाटं पाहून आलात आणि तुमची झोप उडाली. माय म्हणाली, डोक्यावर वजन टांगायचं नाही, धरणी हलली तर. तुम्ही पोळी लाटता लाटता म्हणालात, "आत्याबाई, घरच पडलं तर कपाटाखाली मरायला येळ कुटं घावंल?" माय हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. हे तुमचं कसब. लोक म्हणतात गरीब गाय.

मग दुपारी सगळे लवंडले की तुम्ही गेरूचा खडा घेऊन भिंतीशी उभ्या. दादा शाळेतला मास्तर, पण असा नकाशा त्याला फळ्यावर सात जन्मांत काढता आला नसता. शेगडीच्या बरोबर वर कपाट नको, वाफेनं लाकूड फुगतं, म्हणून दोन वीत बाजूला. एक कप्पा जाळीचा, पापड-कुरड्यांना वारा लागावा म्हणून. दारं डावीकडं उघडणारी, कारण उजव्या हातात उलथनं असतं. रोजचं खालच्या फळीवर, सणाचं वरच्या. तेलाची बरणी कोपऱ्यात, म्हणजे ओघळ लागला तर एकाच फळीला. चार दिवस भिंत लाल झाली आणि पुसली, लाल झाली आणि पुसली. दादा रोज संध्याकाळी "छान" म्हणायचा आणि पेपर उघडायचा.

मी काय केलं? टिंगल. तुमची उंची चार फूट आठ इंच. मी म्हणालो, वहिनी, तुम्हाला भिंतीत कपाट कशाला, जमिनीत खड्डा खणून देतो. तुम्ही गेरूचे हात पदराला पुसत म्हणालात, "भाऊजी, उंटाला बी पानी मान खाली घालूनच प्यावं लागतंय."

माय खोकला लागेपर्यंत हसली. दादानं पेपर खाली ठेवला, जे त्यानं स्वतःच्या लग्नातही केलं नव्हतं. महिनाभर गल्ली मला उंट म्हणत होती. लोकांना हसवायचा धंदा माझा, आणि मीच हशाचं गिऱ्हाईक झालो. ते मला फार लागलं, वहिनी. पुढचं सगळं त्या उंटापासून सुरू होतं.

कपाट करायला मायनं साखरा गावच्या गोविंदमामांना सांगितलं. तिचे मानलेले भाऊ. हयातभर बैलगाड्या, वखर आणि तिफणी केलेला माणूस. त्यांनी पाळणा केला तरी आतलं लेकरू जुंपल्यासारखं दिसायचं. टायरच्या गाड्या निघाल्यापासून त्यांना काम कमी झालं होतं, म्हणून मायेपोटी हे काम त्यांना. त्यांनी तुमच्या नकाशाचं सगळं ऐकलं, जाळी, कप्पे, डावी दारं, सगळं बरोबर केलं. फक्त लाकूड बाभळीचं, चाकाला वापरतात ते. जीपच्या टपावर कपाट चढवलं तेव्हा पुढची चाकं जमिनीला राम राम करून वर उठली, बोनेटवर तीन माणसं बसवली तेव्हा गाडी रस्त्याला लागली. पुसेगावला बायकांनी देवाचा रथ समजून हळदकुंकू वाहिलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, एकाच म्हातारीनं वाहिलं आणि तिला दिसत नव्हतं. तुम्ही माझ्या सत्तावीस माणसांची नेहमी सोळा करायचात.

आता त्या दिवसाचं.

कपाट ओट्यावर उभं होतं. मामा भिंतीकडं तोंड करून, कानाला पेन्सिल. तुम्ही माजघराच्या दाराआड, डोक्यावरून पदर, कारण मामा म्हणजे तुमचे मामेसासरे. टांगायचं किती उंचीवर, एवढं एकच माप राहिलं होतं. ज्या बाईला त्यात रोज हात घालायचा तिचा हात मोजायचा, एवढी साधी गोष्ट. पण सुनेनं मामेसासऱ्यापुढं हात डोक्यावर उचलायचा म्हणजे पदर खांद्यावर येणार. तुम्ही ते करणार नव्हतात, आणि केलं असतं तर मामाच घराबाहेर जाऊन उभे राहिले असते. कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. मामा भिंतीलाच म्हणाले, "घरातलं कुनी तरी हात वर करून हुबं ऱ्हावा. बोटं पोचतील तिथं वरची फळी."

दादा शाळेत. मायची पाठ वाकलेली. उरलो मी. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, हात वर केला, आणि कबूल करतो, टाचाही उचलल्या.

तेव्हा दाराआडून तुम्ही हळूच म्हणालात, "भाऊजी, मामाला म्हनावं, एक हात खाली."

चाकांच्या लोखंडी धावा ठोकून ठोकून मामांचे कान गेलेले. त्यांना ऐकू गेलं नाही. ऐकलं ते मी. निरोप पोचवायचा होता माझ्या तोंडानं, दोन पावलं लांब. आणि त्या तोंडाला त्या क्षणी उंट आठवला. म्हटलं, आता रोज साखरेसाठी या उंटाची विनवणी करू दे. दोन दिवस गंमत करू, मग खाली घेऊ. मी मोठ्यानं ओरडलो, "मामा, वैनी म्हनत्यात बराबर हाय."

मामांनी खूण केली.

दोन दिवसांची गंमत. पण मामांनी गाडीच्या आसाचे बोल्ट आणले होते. ते असे आरपार गेले की एकाचं टोक शेजारच्या घरात निघालं आणि शेजाऱ्यानं त्यावर टोपी अडकवली. हे खरं आहे, हे तुम्हीही मान्य करायचात. ते कपाट आता हत्ती लावूनही हललं नसतं. मामा गेल्यावर तुम्ही बाहेर आलात, कपाटाखाली उभ्या राहिलात, हात वर केला. तुमची बोटं तळाच्या फळीला खालून लागली, वीतभर आत जायच्या ऐवजी. तुम्ही माझ्याकडं वळलात.

"तुमी सांगितलं न्हाई का भाऊजी?"

"सांगितलं की. म्हातारं हटेल हाय. ऐकतंय कुटं."

एवढंच, वहिनी. एवढं छोटं होतं ते. मी आयुष्यात हजारो थापा मारल्या, माळेगावच्या जत्रेतून वाघ जीपमध्ये आणला म्हणालो, कयाधूच्या पुरात जीप पोहली म्हणालो. त्या सगळ्या थापांनी कुणाचं केसभर वाकडं केलं नाही. ही एकच थाप अशी की जिच्यात एक अक्षरही वाढवून सांगितलेलं नव्हतं, आणि तीच सगळ्यात घाण.

मामा दर बाजाराच्या दिवशी यायचे. तुम्ही त्यांना चहा द्यायचात, पण आलं घालायचं सोडलंत. अपमान नाही, तोंड वाकडं नाही, फक्त आलं नाही. मामा बशीत ओतून फुंकर मारत म्हणायचे, सुनबाईच्या हाताला चव हाय. मी त्यांच्या शेजारी बसून माझा आल्याचा चहा भुरकायचो. असं किती बाजार गेले.

दर दिवाळीला चुना काढला की तुम्ही म्हणायचात, औंदा खाली घेऊ. मी दर दिवाळीला नवं कारण काढायचो. भिंत फुटंल. बोल्ट गंजलेत. पुन्हा धरणी हलली तर सैल झालेलं पडंल. दादा म्हणायचा, मामांनाच बोलवू, तेच काढतील. आणि मी दचकायचो, कारण मामा आले असते आणि म्हणाले असते, पोरी, तवाच काहून न्हाई सांगितलंस? मग सगळं उघडं पडलं असतं. तुम्ही आणि मी कितीदा भांडलो त्यावर. तुम्हाला वाटायचं मी आळशी आहे. मी तुम्हाला तसं वाटू द्यायचो, आळशी असणं परवडत होतं. आपला जिल्हा परभणीचा हिंगोली झाला, कचेऱ्या हलल्या, पाट्या बदलल्या, माझ्या जीपवरचा पत्ता बदलला. कपाट तिथंच.

मग पोळ्याचा सण. पुरणात घालायला वेलदोडा हवा होता आणि कुणीतरी, बहुतेक मीच, तो आदल्या दिवशी वरच्या फळीवर ठेवला होता. मी फेरीला गेलेलो. तुम्ही तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यावर चढलात. डबा घरंगळला. उजवं मनगट.

नांदेडहून प्लास्टर घालून मी तुम्हाला जीपमधून आणत होतो. तुम्ही मधल्या सीटवर, हात गळ्यात. नेहमीचे प्रवासी भरले होते. त्यांना काय माहीत. एकजण म्हणाला, भाऊ, ती कपाटाची गोष्ट होऊ द्या. कारण ती माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट होती, वहिनी, तुम्हाला हे ठाऊक होतं का कोण जाणे. बहिरा मामा, बाभळीचं कपाट, शेजाऱ्याची टोपी, आणि चार फुटांची वहिनी, जिला साखर काढायला पतंग उडवावा लागतो. शेकडो वेळा सांगितलेली. मी गप्प बसायला हवं होतं. घाट नाही, वळण नाही, सरळ रस्ता होता, गप्प बसायला काही अडचण नव्हती. मी सांगितली. सगळीच्या सगळी, पतंगासकट. जीप हसून हलली. आणि शेवटी मागून तुमचा आवाज आला, "आन् ह्या खेपेला पतंग तुटला." त्यावर तर लोकांनी टप बडवला.

माझ्या गोष्टीचा शेवट तुम्ही माझ्यापेक्षा चांगला केलात, मोडलेला हात मांडीवर घेऊन. मी आरशात तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मला त्या आरशात स्वतःचे दातही दिसत होते, अजून उघडेच.

मनगट वाकडं बसलं. तुम्ही डाव्या हातानं भाकर थापायला शिकलात, वयाच्या चाळिशीनंतर. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ. मी म्हणालो, वहिनी, ही भाकर गिअर बदलत खावी लागते. तुम्ही हसलात आणि जाड बाजू स्वतःच्या ताटात घेतलीत. मी बिनलग्नाचा माणूस, फेरी संपवून कधीही यावं, झाकलेलं ताट कधी चुकलं नाही. जाड बाजूनं झाकलेलं तर कधीच नाही. हे मी तेव्हा मोजलं नाही. मोजण्याचं खातं तुमचं होतं.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. साखऱ्याहून परत येताना जीपमध्ये आपण दोघंच. तुम्ही म्हणालात, "गेल्या मानसाला बोलू न्हाई. पर एक हात खाली घेतलं असतं तर त्यायचं काय जात व्हतं, भाऊजी?"

तेव्हा सांगता आलं असतं. बहिरा माणूस गेला होता, उलटतपासणीची भीती गेली होती. मी काय केलं ते सांगू? मी म्हणालो, जाऊ द्या वहिनी, मामांची आठवण म्हणून राहू द्या कपाट तसंच. इतकं घाणेरडं वाक्य मी उभ्या आयुष्यात बोललो नाही. आणि तुम्ही मान डोलावली. तुम्हाला ते वाक्य चांगलं वाटलं, वहिनी. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि आता यंदा पाच दिवसांचा ताप, आणि संपलं. पाचव्या दिवशी मी तुमच्या उशाशी होतो. सगळं जिभेवर आणलं होतं. तुम्ही म्हणालात, एखादी गोष्ट सांगा. मी वाघाची सांगितली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावातल्या लोहाराकडून बोल्ट कापून घेतले. शेजाऱ्यानं आपली टोपी काढून घेतली. चौघांनी कपाट खाली उतरवलं आणि मागची भिंत दिसली. चौदा दिवाळ्यांचा चुना तिला लागलाच नव्हता. ज्या रंगाची भिंत तुम्ही सोडली होती, त्याच रंगाची. आणि तळाची फळी जिथं होती तिथं, तिच्या मागं, गेरूचे पाच ठिपके. चार जवळजवळ, एक जरा बाजूला. बोटांचे.

तुम्ही माप घेऊनच ठेवलं होतं. कधीतरी दुपारी, घरात कुणी नसताना, पदर खांद्यावर पडू देऊन, हात वर करून. भिंत पुसताना तेवढं ठेवलं होतं, मामांना दिसावं म्हणून. मामांना ते दिसलं नाही, कारण ते माझ्या डोक्याच्या बरोबर मागं होतं. त्या दिवशी रात्री जेवताना मायनं मला विचारलं होतं, केसांना लाल काय लावून आलास रे? मी म्हणालो होतो, रस्त्याची धूळ. आणि त्या लाल रस्त्यावर दोन गोष्टीही रचून सांगितल्या होत्या.

लोहारानं विचारलं, किती उंचीवर घ्यायचं. मी ठिपक्यांकडं बोट दाखवलं. वरची फळी तिथं.

आता कपाट तुमच्या मापाचं आहे. साखर, चहा, हळद, सगळं वर चढवलं, तुम्ही आखलं होतं त्या जागी. रोजचं खाली, सणाचं वर. मुंग्यांनी रस्ता बदललाय. आणि रोज सकाळी चहा ठेवायला ओट्याशी वाकलो की कपाटाचा बाभळीचा कोपरा माझ्या कपाळावर बसतो. आज तिसरं टेंगूळ आलं. खोटं नाही, तीनच आलेत, नऊ म्हणणार होतो. दादानं ते बघितलं, आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं, दाराआडचं, उंटाचं, सगळं. त्यानं कपाटाच्या कोपऱ्याला बोट लावून बघितलं. मग म्हणाला, "एक हात वर घेऊ का?"

मी नाही म्हणालो.

वहिनी, मामा तिकडं आधीच पोचलेत. ते आले तर त्यांना चहा द्या, आलं ठेचून, भरपूर घालून, चौदा वर्षांचं एकदम. माझा नंबर येईल तेव्हा मला बिनआल्याचा द्या. दिलात तरी चालेल, नाही दिलात तरी चालेल. पण मामांना आधी.